सहीच्या आधी वही

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं चार पानी पत्र आलंय. नाव-गाव तिच्याच सांगण्यावरून गाळलंय आणि मजकूर थोडा आटोपता केलाय.

"काकू, आमचे हे १९९७ला तोफखान्यात भरती झाले. नाशिक रोडच्या सेंटरला ट्रेनिंग झालं, युनिटला गेले आणि थोड्याच दिवसांत कारगिल सुरू झालं. द्रासला बोफोर्सवर होते. चोवीस वर्षं पुरी करून २०२१ला हवालदार म्हणून घरी आले. निम्मी पेन्शन विकून आलेले पैसे, ग्रॅच्युइटी, फंड, सगळं घालून हमरस्त्याला सिमेंट-सळईचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक भरपूर, पण गल्ल्यात पैसा दिसत नाही. १४ लाख उधारी आहे. वसुलीला जा म्हटलं की 'मी कुणाच्या दारात हात पसरणार नाही' म्हणतात. दर २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, शाळेत ह्यांना शाल-नारळ देणाऱ्या सरपंचांचीच एक लाख ८० हजार बाकी आहे. आता माल भरायला पतसंस्थेतून १२ लाख काढायचे म्हणतात, १४ टक्क्यांनी. घर माझ्या नावावर आहे, त्यामुळे तारणाला आणि जामिनाला माझी सही पाहिजे. नको म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. दुकानात फार ओरडतात, कामगार टिकत नाही. सळईची गाडी खाली व्हायला लागली की मात्र उठून मागच्या शेतात जाऊन उभे राहतात, हे मला दुकानातल्या पोरानं सांगितलं. वहीत एका घराच्या नावावर दोन लाख ८६ हजार आहेत. विचारलं तर 'ते पान सोड' एवढंच. मुलगी बारावीला आहे, मुलगा सातवीत. मी घर आणि आमचा बचत गट सांभाळते. सही करू का?"

नको करू.

हे आधी सांगून टाकलं, कारण पत्र माझ्या हाती येईपर्यंत पतसंस्थेचा माणूस फॉर्म घेऊन तुझ्या ओसरीवर बसलेला असायचा. आता सावकाश बोलू.

जामीनदार म्हणजे साक्षीदार असं आपल्याकडे अजून पुष्कळ बायका समजतात. "नुसती सही तर करायचीय." कराराचा कायदा १८७२चा आहे आणि तो म्हणतो की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. हप्ते थकले तर पतसंस्थेनं आधी मेजरांच्या मागे लागावं आणि मग तुझ्याकडे यावं, असं काही नाही. ती थेट तुझ्याकडे येऊ शकते. (गाव म्हणतं तसं मीही त्यांना मेजरच म्हणते. आपल्याकडे शिपाई होऊन आलेलाही मेजर आणि सुभेदारही मेजर.) त्यात घर तुझं तारण. बारा लाखाला १४ टक्के म्हणजे वर्षाला एक लाख ६८ हजार, महिन्याला १४ हजार नुसतं व्याज. आणि मुळात हे कर्ज कशासाठी? चौदा लाखांचा माल लोकांच्या भिंतींत आणि स्लॅबमध्ये जाऊन बसलाय, त्याच्या जागी नवा माल आणायला. तोही त्याच भिंतींत जाऊन बसेल.

उधारी आतून कशी खाते ते एकदा बघ. सिमेंटच्या गोणीमागे किती सुटतात ते मेजरांना विचार. समजा दहा रुपये सुटतात आणि गोणी साडेतीनशेची आहे. एक गोणी बुडाली, की पस्तीस गोण्या फुकट वाहिल्या. शिवाय बिल फाडलं की जीएसटी लागला, गिऱ्हाइकानं पैसे दिलेले असोत नसोत. सिमेंटवर सप्टेंबर २०२५पर्यंत तो २८ टक्के होता, आता १८ आहे. काही भाग कंपनीचा माल उचलताना गेला, उरलेला विवरणपत्र भरताना गेला. म्हणजे सरपंचांच्या बंगल्याचा कर तुझ्या नवऱ्यानं पदरचा भरलाय. हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही, पण बोटानं मोजून कुणी पुढे ठेवलेलं नसतं.

आता "हात पसरणार नाही" या वाक्याकडे येते. पत्र वाचताना मी तिथंच अडले.

तुला वाटतंय हा ताठा आहे. थोडा असेलही, फौजेतल्या माणसाला तो असतो. पण असं बघ, एकोणिसाव्या-विसाव्या वर्षापासून या माणसाला जेवण लंगरात मिळालं, बूट स्टोअरमधून मिळाले, पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर पडला. रजा मागितली असेल, बदली मागितली असेल, पण चोवीस वर्षांत एकदाही कुणाच्या तोंडाकडे बघून "माझे पैसे द्या" म्हणायची वेळ आलेली नाही. बाजारात बसणाऱ्याचा पोरगा हे दहाव्या वर्षी शिकतो. गल्ल्यावर बसून बापाचं बघतो, कुणाला हसत मागायचं, कुणाला चारचौघांत, कुणाच्या दारात सणाच्या आदल्या दिवशी जायचं. तुझ्या नवऱ्यानं त्या वयात दुसरं काही शिकलंय. द्रासला खांद्यावर गोळे वाहिलेला माणूस एका ठेकेदाराला फोन करायला कचरतो यात मला काहीच विचित्र वाटत नाही. ते काम त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

आणि लोकांना हे बरोबर कळतं. "मेजर, तुमच्यासारख्या माणसाकडून घेतलंय, बुडवीन होय?" असं म्हटलं की विषय संपतो. मान देऊन माल नेणारं गिऱ्हाईक सगळ्यांत महाग पडतं.

मला हसू आलं ते पत्राच्या शेवटी. बचत गटाचं तू असं लिहिलंयस जसं कुणी "आणि दारात तुळस आहे" लिहावं. किती वर्षं झाली गटाला? किती जणींनी पैसे बुडवले? मी पैजेवर सांगते, एकीनंही नाही. हप्ता चुकला तर तू संध्याकाळी भाजी निवडत तिच्या पायरीवर जाऊन बसत असशील आणि पैशाचं एक अक्षर न काढता पैसे घेऊन येत असशील. ते मनीऑर्डरीवर किंवा खात्यावर पैसे पाठवत होते तेव्हा सासू-सासरे, पोरं, शेतातला वाटेकरी, घराचं बांधकाम, हे सगळं चोवीस वर्षं कुणी ओढलं? घर तुझ्या नावावर करून ठेवणारा नवरा तुला ओळखतो, बाई. तुझ्याच घरात वसुलीचा माणूस बसलाय आणि तुम्ही दोघं पतसंस्थेच्या दारात चाललाय.

तर वही तू घे.

पण घेताना भांडून घेऊ नकोस, "तुम्हाला जमत नाही, द्या इकडं" असंही म्हणू नकोस. फौजेत एक शब्द आहे, तू हजारदा ऐकला असशील: चार्ज. बदली झाली, रजेवर गेला, तरी स्टोअरचा चार्ज द्यायचा-घ्यायचा असतो. एकेक वस्तू मोजायची, यादीशी ताडायची, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. त्यात कुणाचा अपमान नसतो, उलट चार्ज न देता गेलेला माणूस बदनाम होतो. रात्री शटर ओढल्यावर, दुकानातलं पोर घरी गेल्यावर, काउंटरवर वही ठेव आणि सांग, "उधारीचा चार्ज मला द्या." हे शब्द त्यांना कळतील. एक एक नाव वाचा. कोण शेतकरी आहे आणि उसाचं बिल आलं की देणारा आहे, ते त्यांना विचार; अशा माणसाच्या मागे आत्ता लागू नकोस, कारखान्याचे पैसे जमा झाले की त्याच आठवड्यात जा, दुसऱ्या आठवड्यात ते ट्रॅक्टरच्या हप्त्याला गेलेले असतात. ठेकेदार मात्र वेगळी जात. तो तुमच्या पैशांवर दुसरीकडे काम घेतो. त्याला जुनी बाकी अर्धी भरल्याशिवाय सळईचा एक तुकडाही द्यायचा नाही, आणि हे त्याला मेजरांनी सांगायचं नाही. "वही आता घरच्यांकडे आहे" एवढंच त्यांनी म्हणायचं. ते खोटंही नाही, आणि त्यांची सुटकाही होते.

तारखा बघायला विसरू नकोस. दुकानाला चार वर्षं होऊन गेलीत. उधारीत दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायचा तर माल दिल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत देणेकऱ्यानं "एवढी बाकी मान्य" असं लिहून तारखेनिशी सही दिली, की तिथून तीन वर्षं नव्यानं धरतात. म्हणून पहिल्या वर्षाची पानं आधी काढ. काहींची मुदत गेलेली असेल, तिथं गोडीगुलाबीवरच भिस्त. बाकीच्यांच्या सह्या घ्यायला लाग. पैसे मागितले की लोक आडवे होतात, बाकीवर सही मागितली तर बहुतेक देतात, कारण त्यांना वाटतं आजचं मरण उद्यावर गेलं.

आता ते पान.

इथं मला माझंच सांगावं लागेल, आणि मी ते कधी लिहिलेलं नाही. आमचे हे १ मराठा लाइट इन्फंट्रीत होते, जंगी पलटणीत. १९७१च्या डिसेंबरात जमालपूरला. दहा तारखेच्या रात्री पाकिस्तानी फौज तिथून फुटून बाहेर पडायला निघाली आणि पलटणीनं तिला रस्त्यावर अडवलं, हे पुस्तकांतही आहे. ह्यांच्या तोंडून मी तेवढंही ऐकलं नाही. १९८०ला नाईक म्हणून घरी आले, गावात पिठाची गिरणी टाकली, दहा हॉर्सपॉवरची मोटार. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. गिरणीचा हिशोब दर रविवारी मी लिहायची. सहा वर्षांनी माझ्या लक्षात आलं की शेजारच्या वाडीतल्या एका घराचं दळण दर आठवड्याला येतं आणि त्याचा पैसा कधीच येत नाही. मी म्हटलं, "गिरणी आहे का धर्मशाळा?" चार माणसं दळण घेऊन उभी होती, त्यांच्यासमोर म्हटलं. हे तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "त्या रात्री पहारा माझा होता, तो त्याने घेतला." आणि भाकरी मोडत राहिले. पुढं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. २०११ला ते गेले, तोवर एवढं एकच वाक्य.

तुझ्या वहीतल्या त्या पानावर कुणाचं घर आहे ते मला माहीत नाही, आणि माझी गोष्ट तुझ्या घराला लागू पडेलच असंही नाही. ठेकेदाराला दिलेला शब्द असेल, भावकीतली भानगड असेल. पण "ते पान सोड" या तीन शब्दांची चव मी ओळखते. बहुधा त्या घरात तोफेवरच्या एखाद्या जोडीदाराची म्हातारी आई आहे. पेन्शन वीरपत्नीला मिळते. आईबापाच्या वाट्याला काय येतं, ते घरोघरी वेगळं. कारगिलात आपले ५२७ जण गेले, त्यांतली पुष्कळ घरं अशीच कुणाकुणाच्या वहीत असतील.

असं असेल, तर ते पैसे मागू नकोस. पण उधारीतही ठेवू नकोस. आम्ही काय केलं ते सांगते. त्या महिन्यापासून वाडीतल्या घरच्या दळणाचे पैसे मी माझ्या पगारातून गल्ल्यात टाकत गेले आणि वहीत तसं लिहीत गेले. गिरणीचा हिशोब गिरणीचा, आणि हे आमचं घरचं. तूही त्या दोन लाख ८६ हजारांवर रेघ मार आणि मेजरांच्या समोर घरखर्चात लिही. उधारी मग ११ लाख १४ हजार उरते, आणि ती सगळी हक्कानं मागण्यासारखी. माझा असा अंदाज आहे की मेजरांचा हात सगळ्याच वसुलीला जड होतो तो त्या एका पानामुळे. एकाचं मागायचं नाही ठरलं की दुसऱ्याचं मागताना तोंड उघडत नाही. इथून पुढं त्या घराला काय द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवा, महिन्याचा आकडा ठरवा, आणि ते तुमच्या ऐपतीतलं असू दे. एकदा तू स्वतः त्या घरी जाऊन ये. वही न घेता.

ओरडण्याचं बघू. तोफेवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाचे कान तपासलेत का कधी? बोफोर्सशेजारी उभं राहिलेल्यांपैकी कितीतरी जणांना पुढं कमी ऐकू येतं, कानात सारखी शिट्टी वाजते. कमी ऐकणारा माणूस मोठ्यानं बोलतो आणि समोरचा समजतो रागावला. गर्दीत गिऱ्हाईक काय म्हणालं ते कळलं नाही तर लाजेकाजेस्तव "हां, हां" म्हणून टाकतो, आणि त्या "हां"मध्ये दोन महिन्यांची उधारी दिलेली असते! साताऱ्याला ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक आहे. कार्ड घेऊन जा, कानाची तपासणी लिहून घ्या, लागलं तर श्रवणयंत्र योजनेतूनच मिळतं. आधी कान, मग स्वभाव.

सळईच्या गाडीचं मात्र मी त्यात धरत नाही. लोखंड लोखंडावर पडल्याचा आवाज आणि माणूस उठून शेतात जातो, यावर मी डॉक्टर नसताना नाव देणार नाही. त्यांना सवड होईल तेव्हा डॉक्टरशी बोलावं. मनाच्या त्रासावर बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तुला स्वतःला लागला तरी तू लावू शकतेस. तोवर साधी गोष्ट कर. गाडी कधी येणार ते आदल्या दिवशी कळतं. त्या वेळेला मेजरांना साइटवर माप घ्यायला पाठव आणि गाडी तू आणि तो पोरगा उतरवून घ्या. त्या पोराला जपून ठेव. मालक शेतात जातो हे त्यानं बघितलं, गावभर न करता तुला येऊन सांगितलं. असा कामगार टिकवायला पगारात हजार-पाचशे वाढवावे लागले तर वाढव.

मेजर तुला कॅप्टन गोपीनाथांचं उदाहरण देतात असं तू ताजाकलमात लिहिलंयस: तेही १९७१ लढले, फौज सोडली आणि विमान कंपनी काढली. खरं आहे. पण मधलं कुणी सांगत नाही. आठ वर्षांची नोकरी करून ते तरुणपणीच बाहेर पडले, हसनजवळ रेशमाच्या किड्यांची शेती केली, मोटारसायकलींची एजन्सी घेतली, उडुपी हॉटेल काढून बघितलं. हेलिकॉप्टरची कंपनी १९९७ची, एअर डेक्कन २००३ची, आणि तीही २००७मध्ये दुसऱ्याच्या हातात गेली. मधल्या त्या पंचवीस वर्षांत काय काय बुडालं आणि घरात कोण काय खात होतं, हे वाचून मग उदाहरण द्यायचं.

उरलेलं पटकन. पेन्शनचं खातं आणि दुकानाचं खातं वेगळं ठेवा, एकातून दुसऱ्यात काही वळवू नका. १८७१च्या पेन्शन कायद्यानं पेन्शनवर जप्ती आणता येत नाही, पण पेन्शनवर आपणहून कर्ज काढलं तर हप्ता कापला जातोच. ते काढू देऊ नकोस. विकलेली निम्मी पेन्शन पंधरा वर्षांनी पुन्हा चालू होते, म्हणजे २०३६पासून, तोवर उरलेल्या निम्म्यावर घर चालायचंय हे दोघांनी डोक्यात ठेवा. मुलीला बारावीत ६० टक्क्यांच्या वर पडले आणि ती इंजिनिअरिंग, नर्सिंग असल्या कोर्सला गेली, तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचा फॉर्म पहिल्याच वर्षी भरायचा असतो, मुलींना महिना तीन हजार आहेत. दुसऱ्या वर्षी भरू म्हटलं तर हुकतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आत्ताच जाऊन कागद विचारून ये.

आणि सहा महिने वही चालवून, निम्मी तरी उधारी आत येऊनही माल भरायला पैसा कमी पडला, तर मग कर्जाचं बोलू. तेव्हाही जामीनदार म्हणून सही करू नकोस. भागीदार म्हणून कर. भागीदाराचीही मान अडकतेच, पण त्याला निदान रोज गल्ला बघायचा हक्क असतो.

वसुलीची सुरुवात सरपंचांपासून कर. त्यांनी दिले की बाकीच्यांची तोंडं बंद होतात. सकाळी चहाच्या वेळी जा, त्यांची बायको घरात असताना. एक लाख ८० हजारांच्या पानावर कागद लावून ठेव म्हणजे शोधाशोध नको, आणि पिशवीत पेन ने.